हळदीचा वास

शी! आमच्या घरच्या माणसांची यंदा मला जेवढी किळस आली, तेवढी सडक्या कांद्याच्या ढिगाचीबी कधी आली न्हाई. मी संगिता, या घरची थोरली सून. शिरड शहापूरच्या शिवारात आमची हळद असते. धाकटी जाऊ कोमल, माझा दीर विकास, त्याची बायको. आणि सासू पार्वतीबाई. तिच्यापुढं घरात कुणाची बोलायची टाप न्हाई.

मागच्या साली हळद शिजवायला कोमलचा भाऊ सोमेश्वर मदतीला आला होता. लई हसरा पोरगा. हळद शिजवायच्या त्या मोठ्या कुकरचा वाफेचा पाइप निसटला आन् सगळी वाफ त्याच्या पाठीवर आली. जीप येईस्तोवर त्याला शेतातच पालथं निजवलं होतं. कोमल आणि सासूबाई तिथं होत्या, मी घरी भाकरी थापत होते. पुढं त्याची जखम चिघळली आणि पोरगं वारलं. दवाखान्यात न्यायच्या आधी शेतात काय झालं ते मला कुणी सांगितलं न्हाई, आणि कोमल तर त्या दिवसाचं नावच काढत नव्हती.

यंदा पुन्हा कुकर आला. सासूबाई गुडघ्याचं निमित्त सांगून घरीच बसल्या. शेतात वाफेबरोबर ओल्या हळदीचा तो मातकट, उग्र वास सुटला आणि कोमल बांधावर भडाभडा ओकली. घरी बातमी गेली तशी सासूबाईनं जाहीर करून टाकलं, सुनेला दिवस गेले. गल्लीतल्या बायका चिंचा घेऊन हजर. हिचे हात एवढे गार काहून पडले, छाती काहून अशी धडधडून राहिली, हे एकीनंही विचारलं न्हाई. तपासणीत काहीच निघालं न्हाई, तसं त्याच बायका नाक मुरडून म्हणायला लागल्या की काम नको म्हणून नाटक करते. चिंचा परत मागायच्याच तेवढ्या राहिल्या होत्या.

मग उपाय सुरू झाले. आमच्याकडं उपाय म्हणजे काय, हळद! कापलं तरी हळद, खोकला आला तरी हळद, नजर लागली तरी हळदच. सासूबाई मला फर्मान सोडायच्या, तिला हळदीचं दूध दे, पोट शांत होईल. मी करून द्यायचे, ती ओकायची, मी पुसायचे. वरणात हळद असली तरी ती ताटावरून उठायची. मग एक देवरुषी आणला. दातांवर पानाची पुटं, नखांत हा मळ. त्यानं मूठभर भंडारा, म्हणजे पुन्हा हळदच, तिच्या कपाळापासून ओठापर्यंत चोळला. सासूबाई दारातूनच, पदर नाकाला लावून, आणखी लावा, आणखी लावा म्हणत होत्या. कोमल त्या बाबाच्या पायावरच ओकली. खरं सांगते, माझ्या जिवाला लई बरं वाटलं. तो पाय झटकत म्हणाला, हिला बाहेरची बाधा हाय. मला म्हणावं वाटलं, व्हय, तीच पान चघळत माझ्यासमोर बसलीया.

शेवटी बांगड्या भरायच्या निमित्तानं मी कोमलला हिंगोलीला मनाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाईनं आधी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, मग मला आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते सांगितलं न्हाई, पण बाकी सगळं नीट समजावून सांगितलं. वासाची वाट म्हणे मेंदूत थेट तिथं पोचते, जिथं भीती आणि आठवण शेजारी-शेजारी राहतात. विचार करणारा मेंदू भानावर येईस्तोवर भीतीनं सगळ्या अंगाला हाक मारलेली असते. काळीज धडधडतं, हात गार पडतात, पोट ढवळून येतं. समोर नुसतं वरण आहे हे कोमलला कळतं, पण तिच्या अंगाला वाटतं की तोच दिवस पुन्हा आला. हे नाटक न्हाई आणि वेडही न्हाई, असं बाई दोनदा म्हणाली. आता धोका न्हाई हे मेंदूला शिकवता येतं, पण हळूहळू, तिच्या मर्जीनं, जवळचं माणूस सोबत ठेवून, श्वास लांब सोडत. बळजबरी केली तर भीती आणखी घट्ट बसते. आणि आमी तर रोज गिलास भरभरून बळजबरी पाजत होतो.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. विकासनं मोबाइलमधून मान वर केली न्हाई. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे वेडीच निघाली की. नणंद राजनंदिनीचं लग्न तोंडावर आलं होतं. सासूबाईनं ठरवून टाकलं, नवरीला पहिली हळद कोमलच लावील, आणि पाव्हण्यांसमोर ओकली तर मांडवातूनच तिला माहेरी पाठवायचं, कायमचं. विकास म्हणाला, आई म्हणेल तसं. थू! असल्या नवऱ्याचं काय लोणचं घालायचं?

त्या माहेरी तिचं कोण होतं? भावाच्या फोटोपुढं बसलेली म्हातारी आई, बस. मी आणि कोमल परसात बसायला लागलो. हळकुंड फडक्यात बांधून आधी लांब ठेवायचं, मग जरा जवळ. ती श्वास सोडायची, मी तिचा हात धरायचे. जरा जरा जमून राहिलं होतं, तेवढ्यात लग्न आलं.

मांडवात राजनंदिनी पाटावर बसली. सासूबाई लांबून म्हणाल्या, "संगिता, वाटी कोमलच्या हातात दे." मी म्हणाले, मी लावते की. त्या म्हणाल्या, तीच लावील. सगळ्या बायका टक लावून बघत होत्या, शेजारच्या गावची गंमत बघायला आल्यागत. मला त्या एकेकीची किळस आली.

कोमलनं वाटी घेतली. ओठ पांढरे पडले होते. तिनं लांब श्वास सोडला, पुन्हा सोडला, आणि वाटी घेऊन नवरीकडं न जाता सासूबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, लावते मी. पण त्या दिवशी मी नको नको म्हणत होते, तरी माझा हात धरून सोमेश्वरच्या पाठीवर हळद काहून चोळायला लावली? त्याचं कातडं माझ्या बोटांना चिकटून आलं हो."

भाजलेल्या, सोललेल्या पाठीवर शेतातली हळद, आणि तीही बहिणीच्याच हातानं! एवढं करून वर या बाईनं त्याच पोरीला रोज हळद पाजली.

कोमलनं वाटी पुढं केली. "पहिलं बोट आईनं लावायचं असतं. लावा."

आता ही बाई घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. सासूबाईनं बोट पुढं केलं. ते वाटीच्या वर तसंच थांबलं. मग तोंडावर पदर दाबून त्या मांडवाच्या मागं पळाल्या, आणि ओकायचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मला तवा उमगलं. 'संगिता, वरणात हळद तू टाक.' 'संगिता, दूध तू कर.' सालभर या बाईनं हळदीच्या डब्याला बोट लावलेलं न्हाई. मला वाटायचं, थोरल्या सुनेवर हुकूम गाजवते.

मी पाण्याचा लोटा घेऊन मागं गेले. ती कुडाला धरून बसली होती, अंग गार, घामानं भिजलेलं. पुटपुटत होती की त्या पोराला बरं वाटावं म्हणून केलं, घरोघरी तेच करतात, आणि आता हात कितीबी धुतले तरी वास जात न्हाई. मला दया आली न्हाई. तिच्या तोंडावर थुंकावं असंच वाटत होतं.

कोमल माझ्या मागून आली. लांबच उभी राहिली, हात लावला न्हाई.

"आत्याबाई," ती म्हणाली, "श्वास लांब सोडा. घाई करू नका."

सासूबाईनं सोडला. मी काय करणार, तिच्या हातावर पाणी घालत राहिले.