वाकणातला बोळा

मित्रांनो, या गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीशेजारी, खिळ्याला टांगलेला निळा वाकडा पाइप दिसतो का? तो मी. मी एक जुना सिलिकॉनचा पाइप आहे. माझा रंग विटला आहे आणि एका टोकाला चीर गेली आहे. पण एके काळी एका गाडीचा श्वास माझ्यातून चालायचा, आणि एका दुपारी तो अडकला होता. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म साच्यावर झाला. लोखंडाच्या वाकड्या दांड्यावर कापडाचे आणि सिलिकॉनचे थर एकावर एक गुंडाळले, वरून करकचून आवळले आणि मला भट्टीत घातले. बाहेर आल्यावर दोन बायकांनी मला ओढून ओढून दांड्यावरून सोडवले, तेव्हा मी किती कुरकुरलो ते विचारू नका. मग खोक्यात बसून मी या गॅरेजात आलो.

गॅरेज म्हणजे घरचाच कारभार. म्हातारे बाबा, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा एका जागी कधी बसत नसे, म्हणून घरात सगळे त्याला भिंगरी म्हणत. शर्यतीत गाडी भिंगरी चालवायचा, पण इंजिन सूनबाईच्या हातात होते. जुन्या इंजिनाला तिने टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरणारा पंखा. फिल्टरकडून येणारी लोखंडी नळी आणि हा पंखा यांना जोडायला मला आणले होते. बाबांना मी मुळीच पसंत पडलो नाही. त्यांनी मला दोन बोटांत दाबून पाहिले आणि असली लेचीपेची वस्तू काय टिकणार, असे म्हणून नाक मुरडले. जुना काळा रबरी पाइप कसा टणक होता, हे मला दिवसभर ऐकावे लागले. वाईट वाटले, पण सांगणार कोणाला?

या गॅरेजात एक रीत आहे. उघड्या नळीतून एखादा नट आत पडला, तर पंख्याची पाती तुटतात. म्हणून नळीचे तोंड उघडे राहणार असेल तर त्यात चिंधीचा बोळा कोंबायचा आणि लगेच स्टिअरिंगला लाल फीत बांधायची. बोळा काढला की मगच फीत सोडायची. फीत दिसते तोवर किल्लीला कोणी हात लावायचा नाही. ही रीत बाबांनीच घातली होती आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास होता.

शर्यतीचा आदला दिवस होता. रस्ता डोंगराचा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. भिंगरीला तिथे गाडी एकदा पळवून पाहायची होती आणि तो दारात येरझाऱ्या घालत होता. सूनबाईने नळीत बोळा घातला. वरवर ठेवलेला बोळा निसटतो, म्हणून तिने तो नळीच्या वाकणाच्या, म्हणजे ती जिथे वळते त्या जागेच्या, पार आत ढकलला, फीत बांधली आणि साबणाने हात धुवायला ती मागे गेली. माझ्या तोंडाला तेलकट हात चालत नाहीत. तेल लागले तर मी सरकन बसतो खरा, पण तसाच सरकन सुटतोही. मी मडगार्डवर पडून तिची वाट पाहत होतो.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी फीत पाहिली, नळीत डोकावले, तर तोंड मोकळे. वाकणामागचे त्यांना काय दिसणार? त्यांचा चेहरा एकदम उतरला. अलीकडे ते विसरू लागले होते. नळ चालू राही, चष्मा फ्रिजमध्ये सापडे. भिंगरी रागाच्या भरात एकदा बोलून गेला होता की असेच चालले तर तुमचे गॅरेजात येणे बंद करावे लागेल. फीत आपणच बांधली आणि बोळा घालायला विसरलो, असे त्यांना वाटले असणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, खिशातली चिंधी काढली आणि गुपचूप नळीच्या तोंडात बसवली. थोड्या वेळाने सूनबाईची चाहूल लागली, तशी त्यांनी तीच चिंधी काढून खिशात टाकली, फीत सोडली आणि बोळा काढून ठेवल्याचे तिला मोठ्या ऐटीत सांगितले.

मित्रांनो, मी हे सगळे पाहत होतो. माझा जीव नुसता वरखाली होत होता, पण दोन तोंडे असून मला बोलता एकानेही येत नव्हते.

सूनबाईने माझी तोंडे आतून फडक्याने कोरडी केली. एक पंख्यावर चढवले, दुसरे नळीवर. नळीच्या कडेला उंचवटा असतो, त्याच्या पलीकडे मला नीट सरकवून तिने मागच्या बाजूला क्लॅम्पचे लोखंडी पट्टे आवळले. इतके नेटके काम मी पुन्हा पाहिले नाही. आणि त्या नेटक्या कामाच्या आत, माझ्या तोंडापासून जेमतेम वीतभर, वाकणामागे, तो बोळा होता.

भिंगरीने हेल्मेट चढवले आणि किल्ली फिरवली. इंजिन हळू चालत होते तोवर चिंधीच्या कडेने थोडी हवा येत होती, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. पण बोळा आत हलू लागला होता. डोंगराच्या चढावर भिंगरीने पाय दाबला असता, तर तो सुटून थेट पंख्यात गेला असता आणि ऐन वळणावर गाडीने मान टाकली असती. पुढचा विचार मला आजही करवत नाही.

निघण्याआधी, बॉनेट उघडेच असताना, त्याने एकदा जोरात रेस दिली. पंख्याने हवा ओढली. हवा येईना. माझे पोट खपाटीला गेले आणि दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या. ही काही माझी हुशारी नव्हती. मी मऊ होतो, एवढेच.

"बंद कर," सूनबाई म्हणाली.

बाबांना तर हेच हवे होते. मी काय म्हणत होतो, असे म्हणत त्यांनी पुन्हा माझा उद्धार केला आणि जुना रबरी पाइप चढवून पोराला जाऊ द्या, असे सांगितले. भिंगरीला घाई होतीच. तो फळीवरून काळा पाइप घेऊनही आला. सूनबाईने माझ्या क्लॅम्पला स्क्रूड्रायव्हर लावला, आणि माझा धीर सुटला. काळा पाइप टणक होता. आत काहीही अडकलेले असो, तो ताठच राहिला असता आणि कोणाला काही कळले नसते.

पण सूनबाई थबकली. पाइप मऊ असला तरी हवा येत असेल तर तो आत कशाला ओढला जाईल, असे ती स्वतःशीच पुटपुटली. मग सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, वाकणातला बोळा तुम्ही काढलात ना?"

काढला, एवढे म्हणणे सोपे होते. बाबांनी तोंड उघडलेही. त्यांची नजर हेल्मेट घातलेल्या मुलाकडे गेली आणि तिथेच थांबली. 

"वाकणातला?" ते म्हणाले. "मला आठवत नाही गं पोरी. फीत मी बांधली होती की तू, तेच आठवत नाही."

 सूनबाईने मला सोडवले, तारेचा आकडा वाकणात घातला आणि ओढला. बोळा बाहेर आला. भिंगरी हेल्मेट काढून दाराच्या पायरीवर जाऊन बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाबांनी अंगातला एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि ते घराकडे निघाले. तेव्हा भिंगरी उठला. त्याने घडी मोडली आणि एप्रन पुन्हा बापाच्या गळ्यात अडकवला.

"उद्या तुम्ही बरोबर असाल तरच मी गाडी काढीन," तो म्हणाला.

बोळा इतका आत ढकलायला नको होता, हे सूनबाईनेही कबूल केले. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या फितीचा रंग वेगळा झाला, आणि ज्याची फीत त्यानेच सोडायची असे ठरले. शर्यतीत आम्ही कितवे आलो ते विचारू नका, पण सगळे धडधाकट घरी आलो. मग पुष्कळ वर्षे मी त्या गाडीत राबलो. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाबून दाखवायचे आणि माझे गुण गायचे. शेवटी उष्णतेने मी कडक झालो, चिरलो, आणि माझ्या जागी नवा पाइप आला. सूनबाईने मला फेकले नाही, इथे टांगले.

बाबा आता माझ्याच खाली स्टुलावर बसलेले असतात. त्यांना फारसे आठवत नाही. कधी कधी भिंगरीलाही तू कोण म्हणून विचारतात. पण कुठल्याही गाडीचे बॉनेट उघडले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला, "बोळा काढला का?" दोन मिनिटांनी पुन्हा तोच. गिऱ्हाइके हसतात. सूनबाई हसत नाही. प्रत्येक वेळी ती हातातले काम ठेवते, टॉर्च घेऊन वाकते, नळीच्या आत पाहते आणि मग सांगते, "काढला, बाबा."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसलीत तर मला बरे वाटेल. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. तुमच्या घरात कोणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर नुसते "हो, हो" म्हणू नका. एकदा खरोखर वाकून पाहा, आणि मग उत्तर द्या.