दातांमागची तार

सुनेनं सासूची नक्कल पाठीमागं करावी. ती मला चालते, कानावर येत नाही तोवर माझं काही जात नाही. पण आमच्या तेजश्रीनं माझी नक्कल माझ्या तोंडावर केली, तीही सकाळी सकाळी, कप हातात देताना.

"आत्याबाई, त्सहा. थाखर कमी टाकलीय."

मला वरची कवळी आहे. नवी बसवली तेव्हा माझी जीभ ठिकाणावर नव्हती, चहाला त्सहा म्हणायची आणि साखरेला थाखर. काचीगुड्यात आमची गल्ली ती केवढी, आठ दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं. नंतर बसली कवळी नीट. आता मी कोणाशीही भांडू शकते आणि एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. असं असताना जुनं उकरून काढायचं कारण काय?

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

ती तशीच आत गेली. भांड्यांचा आवाज आला फक्त.

त्या दिवसापासून तिचं तोंडच बंद झालं. काही विचारलं की मान हलवायची, नाही तर हूं. फोन आला की गच्चीवर जायची. हसू आलं की पदर तोंडाला, जसं काही कालच लग्न होऊन आलीय. ज्वारीची भाकरी चावायची सोडून वरणात भिजवून, बोटानं मऊ करून खायला लागली. पेरू तिचा जीव की प्राण, तो कापून ठेवला तर फोडी तशाच काळ्या पडल्या. मी म्हटलं, हिला माझ्या घरचं अन्नसुद्धा नको झालं का?

विठ्ठलला विचारलं. विठ्ठल माझा मुलगा, विजेच्या ऑफिसात आहे. तो म्हणाला, "माय, तसलं काही नाही. तू उगंच डोक्यात घेऊ नको." हे म्हणताना तो मोबाईलकडं बघत होता. माझ्या पोराला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो असा मोबाईलकडं बघतो. मग मला कळलं की काहीतरी आहे आणि ते दोघांना ठाऊक आहे.

मी तरीही गप्प बसले असते. पण श्रावण लागला.

आमच्याकडं श्रावणातल्या सोमवारी पोथी असते. वस्तीतल्या मराठी बायका जमतात, एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पोथी कोणाच्या मालकीची नाही. ज्या घरात वाचणारं माणूस त्या घरात पोथी, असा रिवाज आहे. आधी ती कुसुमताईंच्या घरी होती, त्यांच्या सासूबाई वाचायच्या. म्हातारीची नजर गेली आणि वाचायला कोणी उरलं नाही. मी तर दुसरीतून उठलेली, साधी अक्षरं लागतात, जोडाक्षर आलं की मी तिथंच थांबते. आणि आमच्या या तेलुगू मुलखातल्या पोरांना, सुनांना मराठी बोलता येतं तेही अर्धं तेलुगू, अर्धं दखनी हिंदी. वाचायचं म्हटलं की सगळ्यांना काम आठवतं.

त्याच साली तेजश्री लग्न होऊन आली, उदगीरची. पहिल्याच श्रावणात तिनं पोथी हातात घेतली आणि असं वाचलं की बायका प्रसाद घ्यायला विसरल्या. तेव्हापासून पोथी माझ्या घरात आहे, लाल कापडात, माझ्या कपाटात. काचीगुड्यात सावित्रीबाई म्हटलं की लोक पोथीचं घर म्हणतात. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आणि या वर्षी पहिल्याच सोमवारी, बायका येऊन बसल्या, समई लावली, तर ही माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "घथा बथलाय."

पुन्हा तेच. बायकांसमोर, माझ्याच कानात, माझीच नक्कल. मी एवढी संतापले की तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वाचायला विठ्ठल बसला. माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण त्याच्याइतकं वाईट कोणी वाचू शकणार नाही. शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकला. सरळ शब्द विजेच्या बिलासारखे वाचायचा, आणि जोडाक्षर आलं की स्कूटर खड्ड्यात गेल्यासारखा अडकायचा. 'मृत्युंजय' म्हणायला त्याला तीनदा मागं यावं लागलं. मागं बसलेल्या दोघीतिघी पदरात हसल्या.

आरती झाली आणि कुसुमताई उठल्या. कुसुमताईंचं बोलणं गोड, पण त्यात खडा असतोच.

"सावित्रीबाई, पोराला कशाला त्रास देता? पुढच्या सोमवारी आमच्याकडं करू. आमच्या सुनेनं, शैलानं, मोबाईलवर लावून बघितली पोथी. काय सुंदर आवाज आहे, आणि एक अक्षर चुकत नाही."

"मोबाईलनं वाचलेली पोथी पावते का?" मी म्हटलं.

"अडकत वाचलेली पावते का?"

दुसऱ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "माझी सून वाचेल. घसा बसलाय, आठ दिवसांत बरा होतो."

"होऊ दे की. नाही झाला तर रविवारी मी येऊन पोथी घेऊन जाते."

आता सांगा, एकदा पोथी तिच्या कपाटात गेली की ती परत येणार आहे का? मोबाईलचा घसा कधी बसत नाही.

शनिवारी सकाळी मी उठले तर न्हाणीचं दार उघडं. तेजश्री आरशासमोर, मान वर करून, तोंड मोठ्ठं उघडून, बोटभर ब्रशनं दातांच्या आतल्या बाजूला काहीतरी घासत होती. उजेड पडला आणि आत चांदीसारखं चमकलं.

"तोंड मिटू नको," मी म्हटलं. "तसंच ठेव."

ती दचकली, पण तसंच ठेवलं. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. वरच्या दातांच्या पाठीमागं एकेक बारीक पत्र्याचा तुकडा चिकटवलेला आणि सगळ्यांतून एक तार ओढलेली. बाहेरून बघितलं तर काही नाही.

"हे काय आहे?"

"क्लिपा," ती म्हणाली. "दात थरळ करायच्या. आतून लावायच्या अथतात."

"आणि बोलणं असं का?"

"जिभेला लागतात ना. जीभ पुढं गेली की तारेला अडकते. कापते पण. बघा." तिनं जीभ बाहेर काढली. कडेला लाल झालेली होती.

मी विचारलं, "म्हणजे तू माझी नक्कल नव्हतीस करत?"

मग तिला हसू आलं. एवढं आलं की बेसिनला धरून खाली बसली. "आत्याबाई, माझ्या तोंडात रक्त यायलंय आणि मी तुमची नक्कल करू? तुम्हाला वाटलं तरी कथं?"

तिच्या 'कथं'ला मलाही हसू आलं असतं, पण मी आवरलं. चौकशी अजून पूर्ण झाली नव्हती.

"एवढ्या वयात कशाला हे? आणि लावायचंच होतं तर चोरून का? बाहेरून लावतात तशी का नाही लावलीस? आपल्या समोरच्या पोरीला नाही का, सगळं तोंड तारांचं?"

"डॉक्टरांनी तिन्ही प्रकार दाखवले होते. बाहेरची लोखंडी, बाहेरची दातांच्या रंगाची, आणि ही. मी ही निवडली. बाहेरची लावली अथती तर तुम्हाला दिथली अथती."

"मग? मी काय खाल्लं असतं तुला?"

तिनं तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला अथता. जे नेहमी म्हणता ते."

"काय म्हणते मी?"

"'दात थोडले तर पोरगी लाखात एक.'"

म्हणते मी. खरं आहे ते. बघायला गेलो तेव्हा म्हटलं, लग्नात म्हटलं, शेजारच्या बारशाला म्हटलं, दर श्रावणात पोथी झाली की बायकांसमोर म्हणते. मी तिचं कौतुकच करते. दात पुढं आहेत म्हणून काय कोणी परत पाठवली का तिला? पण तिला त्यातलं 'लाखात एक' कधी ऐकू आलं नव्हतं. तिला फक्त 'दात' ऐकू यायचं.

तिच्या डॉक्टरकडं जायला मी ऑटो बोलावला.

काचीगुडा चौकात मेडिकलच्या वर डॉक्टर भाग्यलक्ष्मींचा दवाखाना आहे. बाई तेलुगू, पण बोलते आपल्यासारखी दखनी. टेबलावर प्लास्टरचे जबडे मांडलेले, जसे बेगम बाजारात नारळ मांडतात. तेजश्री खुर्चीवर बसली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, ये निकाल दो. बाहर का लगा दो."

मी तिच्याकडं बघितलं. "हे कधी ठरवलंस?"

"आत्ता, ऑटोत. आज काढल्या तर थोमवारी माझं तोंड मोकळं. वाचता येईल. बाहेरच्या मग पुढच्या आठवड्यात लावू. कुथुमताई उद्या येतील ना पोथी न्यायला." ती मान खाली घालून बोलत होती. "एवढी वर्षं थांबले. दिथल्या क्लिपा तर दिथू देत. पोथी नको जायला आपल्या घरातून."

डॉक्टरनं हातातला चिमटा खाली ठेवला. "अम्मा, निकालना है तो निकालती मैं. पण दात हलने शुरू हो गए. वापस शुरू से करना पडता. और इनों बाहर का नक्को बोलके गए थे पहले दिन, मैं तो पूछी थी दो दो बार."

"पण हिचं बोलणं?" मी विचारलं. "बोली ऐसी ही रहती क्या?"

"नै अम्मा. जबान कू आदत होना, बस. मैं पहले दिनीच बोली थी इनकू, रोज जोर से पढो. पेपर, किताब, कुछ भी. जितना बोलते उतना जल्दी ठीक होता. जितने चुप बैठे उतने दिन लगते." मग तिनं तेजश्रीकडं बघितलं. "पढे नै?"

तेजश्रीनं मान हलवली. नाही.

डॉक्टरनं ड्रॉवरमधून मेणाची छोटी डबी काढून दिली, तारेचं टोक जिभेला टोचलं की वर लावायला. म्हणाली, "सोच लो. मैं बाजू का पेशंट देखके आती."

ती गेली. खोलीत आम्ही दोघी, आणि टेबलावर ते जबडे. खालून बसचा हॉर्न ऐकू येत होता.

मला सोपं होतं. हो म्हटलं असतं की तारा निघाल्या असत्या, सोमवारी माझ्या घरात खणखणीत पोथी झाली असती, आणि कुसुमताई मोबाईल पर्समध्ये घालून परत गेल्या असत्या. पुढच्या आठवड्यात ही बाहेरून लोखंड लावून ऑफिसात गेली असती. वकिलाच्या ऑफिसात टाइपिंग करते ती, दिवसभर लोक समोर. कोणी विचारलं असतं, कोणी हसलं असतं, आणि तिनं घरी येऊन मला काही सांगितलं नसतं. जसं इतकी वर्षं सांगितलं नाही.

आणि नाही म्हटलं तर ती बायकांसमोर अडखळणार. त्या हसणार. मी त्यांना ओळखते. हसू आलं की आवरत नाहीत.

तेजश्रीनं मेणाची डबी उघडली, बंद केली. "बोला ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते करते."

तेव्हा मी तिला माझं म्हणणं सांगितलं.

"नीट ऐक, तेजू. तार लावलीस ते बरं केलंस, आणि आतून लावलीस तेही बरं केलंस. तुझे दात, तुझं तोंड. लोकांना दाखवायचं का नाही ते तू ठरव. पण घरात बसून माझ्यापासून चोरलंस आणि मला वेड्यासारखं तुझ्यावर रागवत ठेवलंस, तिथं चुकलीस. त्याची शिक्षा घ्यावी लागेल. तार निघणार नाही. आज घरी गेलं की माझ्यासमोर बसायचं आणि सोमवारचा अध्याय मोठ्यानं वाचायचा. उद्या परत. जीभ दुखली की हे मेण लाव, दूध पी, पुन्हा वाच. सोमवारी पोथी माझ्या घरात होईल आणि तूच वाचशील. 'स' आला तर आला, 'थ' आला तर 'थ', मधे थांबायचं नाही. कोणी हसलं तर मी बघते. आणि दातांचं मी आजपासून कोणासमोर काही बोलणार नाही, हे माझ्याकडून. कुसुमताई उद्या आल्या की मी दारातच सांगते त्यांना, आमच्या सुनेच्या तोंडाला काम चालू आहे, आवाज थोडा वेगळा येईल. ऐकायचं असेल तर पाट मांडलेला आहे, नाही तर तुमचा मोबाईल तुमच्या घरी लावा."