अर्धा तास मागचं घड्याळ

आमच्या शहराचं नाव सरकारदरबारी बदललं ते २०२३ साल. त्याच वर्षी दिवाळीनंतर दादाचं सोन्याचं घड्याळ मुंबईला लिलावात विकलं गेलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, डॉक्टर मुकुंद देवगावकर. सूर्यावरच्या डागांवर त्यानं जन्मभर काम केलं आणि जगभर नाव मिळवलं. निवृत्त झाल्यावर तो समर्थनगरच्या आमच्या घरी परत आला. वहिनी गेलेली, मुलगा मिहिर कॅनडात. मी लग्न केलं नव्हतं, शाळेची नोकरीही संपली होती. म्हातारपणी आम्ही भावंडं पुन्हा एका ताटातली पोळी वाटून खाऊ लागलो.

घड्याळ मूळचं आजोबांचं. ते निजामाच्या महसूल खात्यात होते, तेव्हा एका जहागीरदारानं खूश होऊन दिलेलं. खिशात ठेवायचं, झाकणाचं. दादानं ते देशोदेशी नेलं. घरी परतल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात त्यानं ते जवळजवळ अर्धा तास मागं लावलं.

मी म्हटलं, "हे काय आणखी?"

"आपण सगळे मिर्झापूरच्या वेळेनं, म्हणजे देशाच्या प्रमाणवेळेनं जगतो, पद्मा. तिथला सूर्य आपल्याकडं यायला अर्धा तास लागतो. जन्मभर परक्या वेळेनं धावलो. आता आपल्या गच्चीवरच्या सूर्यानं चहा घेऊ."

तेव्हापासून आमच्या घरात चहा, जेवण, दिवाबत्ती सगळं त्या घड्याळावर. हर्सूलहून स्वयंपाकाला येणारी भागूबाई नेहमी उशीर करायची. दादा झाकण उघडून दाखवायचा. मग ती पदरानं घाम पुसत म्हणायची, "बघा ताई, समद्या गावात मी उशिरा, पर ह्या घरात कधीच नाय!"

दादा गेला तरी मी वेळ बदलली नाही. सकाळी तोंड धुतलं, की आधी घड्याळाला चावी. चावी देताना त्याला दोन गोष्टी सांगायच्या. पेपरात काय आलंय, शेवग्याला फुलं लागलीत, असं काहीबाही. दिवसभरात तेवढंच माझं बोलणं. भागूबाई तेव्हा गुडघ्यांमुळं एक दिवसाआड यायची.

त्या वर्षी मिहिर आला तो लिलावाचं ठरवूनच.

"आत्या, असली वस्तू घरात, आणि तू एकटी. मला तिकडं झोप लागत नाही."

"मग तू ये की इथं झोपायला."

"आत्या!"

घड्याळ कायद्यानं त्याचंच होतं, मी काय म्हणणार? माझा चेहरा बघून तोच नरमला. "मुंबईहून लिलाववाल्यांचा माणूस येतोय. त्यानं नको म्हटलं, तर राहू दे तुझ्याकडंच. शब्द देतो."

त्या एका शब्दावर मी चार दिवस काढले.

माणूस आला. तरुण, नम्र, हातांत पांढरे हातमोजे. जेवणाच्या टेबलावर मखमल पसरून त्यानं घड्याळ ठेवलं, भिंग लावून पाहिलं. झाकणाच्या सांध्यात तांबडं काहीतरी अडकलं होतं. "हे काय असेल?"

"कुंकू," भागूबाई दारातून म्हणाली. "खंडेनवमीला पूजा व्हती त्याची. साहेबांचं हत्यार हाय ते."

तो हसला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आजी, चालतं ना व्यवस्थित?"

"चालतं. पण मागं आहे."

मिहिरनं माझ्याकडं रोखून पाहिलं. त्या माणसानं मोबाइल काढून वेळ ताडून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. "अर्धा तास? रोज एवढं मागं पडतं? मग आतलं यंत्र गेलं असणार."

मी नुसती गप्प बसले असते, तरी घड्याळ माझं होतं. त्यानं भिंग डबीत घालायलाही घेतलं होतं. पण दादाचं घड्याळ बिघडलेलं? वेळेच्या बाबतीत दादा चुकलेला?

"मागं पडत नाही," मी म्हटलं. "मागं ठेवलंय."

"ठेवलंय? का?"

कितीतरी दिवसांत मला कुणी 'का' विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. मिर्झापूर, गच्चीवर दादानं रोवलेली काठी, भर दुपारी तिची सावली आखूड होण्याची वाट पाहणारा तो, आमचा चहा. माणूस खुर्ची ओढून बसला. भिंग पुन्हा बाहेर आलं. मी थांबले तेव्हा तो मिहिरला हळूच म्हणाला, "सर, ही गोष्ट सोन्यापेक्षा महाग आहे."

लिलाव आम्ही मिहिरच्या लॅपटॉपवर पाहिला. पडद्यावर घड्याळाच्या शेजारी दादाचा फोटो, आणि खाली आमच्या चहाची हकीकत छापलेली. बोली चढतच गेली. मिहिरनं माझा हात दाबला. "आत्या, हे तुझ्यामुळं!"

खरंच होतं ते.

मिहिर कॅनडाला परतला. दादाच्या नावानं त्यानं तिथल्या विद्यापीठात एक शिष्यवृत्ती ठेवली. रविवारी फोन करतो. घड्याळ बंगळूरच्या एका संग्राहकाकडं काचेत आहे. झिजू नये म्हणून ते बंदच ठेवतात, असं त्या मुंबईच्या माणसानं कळवलं. पुढं त्यानं ती नोकरी सोडली. भागूबाई बजाजनगरला लेकाकडं राहायला गेली. गेल्या संक्रांतीला भेटायला आली होती, जिना चढवेना म्हणून खालूनच हाका मारल्या.

मी गुलमंडीवरून एक भिंतीवरचं घड्याळ आणलं आणि अर्धा तास मागं लावलं. आता कामाला मेघा येते, मोबाइल बघून, अगदी वेळेवर. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आजी, तुमचं घड्याळ मागं आहे."

"हो," मी म्हटलं, आणि थांबले.

ती भांडी घासायला गेली.