समोरच्या इमारतीतली भरती

सॉफ्टवेअरची नवी लॅब कुठे काढायची, हे ठरवायला कंपनीची बैठक बसली, तेव्हा चिमणीने आपल्याच गावाचं घोडं पुढे दामटलं. "तिथल्या कॉम्प्युटर कचेरीत हुशार पोरं आहेत, मालक तेवढा नालायक आहे," ती म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही.

शहरातल्या या कंपनीत येण्याआधी गावातल्या त्या एकुलत्या एका कॉम्प्युटर कचेरीत ती कामाला होती. अंगाने किरकोळ, म्हणून चिमणी. दवाखान्यातल्या पेशंटांचे नंबर लावणारा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला. गिऱ्हाईकं बघायला आली, तर मालकाने तो भाच्याच्या नावावर खपवला आणि तिला पाणी आणायला पिटाळलं. तिने तोंड उघडलं, तेव्हा 'ही आमचं काम चोरून बाहेर विकते' अशी आवई त्याने गावभर उठवली. तिला कुणी दारात उभं करेना. वडील लेथवर काम करणारे, सरळमार्गी माणूस. एकदा जेवताना तेही म्हणाले, "खरं सांग, नेलंस का काही?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. ती ताटावरून उठली ती गाव सोडूनच गेली.

आता कंपनीने लॅब तिच्याच हाती सोपवली, तेव्हा तिने जागा घेतली ती मालकाच्या कचेरीच्या अगदी समोर. माणसं इथलीच घेणार, असं जाहीर केलं. मालकाकडे कामाला असलेली पोरंपोरी एकेक करत रस्ता ओलांडून मुलाखतीला आली. चिमणीने कुणालाच परत पाठवलं नाही. समोरच्या खिडकीत रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या, तशी ती चहाचा कप घेऊन मुद्दाम काचेपाशी उभी राहायची.

शेवटी मालकच जिना चढून आला. "पोरी, हातात घेतलेली कामं मी कुणाकडून करून घेऊ? निदान दोघांना तरी सोड. काय हवंय तुला?"

"माझ्या वडिलांसमोर खरं बोला."

तो निमूट तिच्यामागून घरी आला. वडील चष्म्याची काडी बसवत होते. मालक उभ्याउभ्याच म्हणाला, "ते काम हिचंच होतं. चोरीचं मी रचलं." वडिलांच्या हातातला बारका स्क्रू जमिनीवर पडला. तो शोधायला ते वाकलेसुद्धा नाहीत.

बाहेर येताच मालकाने कपाळ पुसलं. "झालं ना मनासारखं? आता माणसं दे."

"देते, असं मी कधी म्हटलं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत राहिली. तिला अगदी गार वाटलं.

आत सगळं ऐकू गेलं होतं. वडील म्हणाले, "बुडेल गं तो. वदवून घेतलंस, तेवढं पुरे होतं."

"त्याने सांगितल्यावर पटलं तुम्हाला. मी सांगितलं तेव्हा नाही."

त्यांनी चष्मा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उद्घाटनाला येऊ का मी?"

"गर्दी असेल, बाबा," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.