गुलाबी गोळी

मिरजेच्या दवाखान्यात बिराप्पाच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. मागच्या खेपेला बी.पी. चढलेलं निघालं आणि त्याला टेबलावरून परत पाठवलं होतं. जतहून दोनदा गाड्या बदलत यायचं, उपाशी बसायचं आणि तसंच माघारी फिरायचं. त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, या फेऱ्यांची धास्तीच घेतली होती.

भूल देणाऱ्या संयोगिता मॅडमनी आदल्या दिवशी तिला नीट समजावलं होतं. बी.पी.च्या दोन गोळ्यांपैकी पांढरी सकाळी घोटभर पाण्यासोबत द्यायची, गुलाबी अजिबात द्यायची नाही. हरणाबाईनं मान डोलावली. पण पहाटे बिराप्पाचं डोकं जड झालं. आजही बी.पी. चढलं तर? तिनं दोन्ही गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं न बघता गिळल्या.

आत नेताना सिस्टरनं गोळीचं विचारलं. सांगितली तेवढीच घेतली, असं बिराप्पा म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं. हरणाबाई शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

अर्ध्या तासानं तीच सिस्टर घाईघाईनं बाहेर आली.

"मावशी, मॅडमनी विचारलंय. गुलाबी गोळी दिली होती का? बी.पी. खाली गेलंय, नेहमीच्या इंजेक्शनला दाद देत नाही."

नाही म्हणायला एक क्षणही लागला नसता.

"व्हय. मीच दिली. त्यास्नी ठावं न्हाई," ती म्हणाली.

सिस्टर आल्या पावली आत पळाली. दार मिटलं. हरणाबाई बाकावर बसली, पुन्हा उठली, भिंतीला टेकली. बिरोबाचं नाव घ्यायलाही तिची जीभ वळेना. आपल्या हातानं आपण काय करून बसलो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तासाभरानं संयोगिता मॅडम स्वतः बाहेर आल्या. मास्क खाली ओढून त्या तिच्याशेजारी बसल्या. ऑपरेशन नीट झालं होतं आणि बी.पी.ही जागेवर आलं होतं. भुलीच्या वाफेनं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि ती गोळीही त्या सैल करते. दोन्ही एकत्र आलं की बी.पी. घसरतं आणि साध्या औषधानं लवकर वर येत नाही, असं त्यांनी सांगितलं. गोळीचं कळलं, म्हणून मग दुसरं औषध लावलं आणि वाफही कमी केली.

"तुम्ही खरं सांगितलंत, त्यानं आमचा वेळ वाचला. पण आधी सांगितलं असतंत, तर ही वेळच आली नसती."

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला आणि इतका वेळ दाटलेलं रडू एकदम फुटलं. मॅडम ते ओसरेपर्यंत बसून राहिल्या.

दुपारी बिराप्पा शुद्धीवर आला. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं, काही हातचं राखलं नाही.

"तू दिलीस म्हंजी इचार करूनच दिली असशील," तो जड जिभेनं म्हणाला.

"न्हाई वं. भिऊन दिली."

त्याला हसू आलं, पण टाके ओढले तसा तो कण्हला आणि पुन्हा झोपी गेला. त्याचा श्वास संथ चालला होता. तो जरा वेळ न्याहाळून हरणाबाई खाली उतरली आणि दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर उभं राहून तिनं एकापाठोपाठ दोन कप चहा घेतला.