अळणी

दवाखान्यातल्या स्वयंपाकिणीला कुणी विचारत नाही. रोगी बरा झाला तर डॉक्टरचं नाव होतं, दगावला तर देवाला बोल लागतो. मी मात्र स्वतःला फार शहाणी समजत होते. जालन्यात स्टेशनाकडच्या त्या बारा खाटांच्या दवाखान्यात चूल माझी होती, आणि तिच्यावर काय शिजेल नि काय शिजणार नाही ते मीच ठरवायचे. निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण चुलीवर माझं, पुष्पाबाईचं, राज्य शाबूत होतं.

त्या हिवाळ्यात कुंभार पिंपळगावाहून रखमाजींना आणलं. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. गावात तीन आठवडे त्यांना नुसत्या पाण्यावर ठेवलं होतं, कारण तापात अन्न दिलं की ताप चढतो अशी सगळ्यांची पक्की खात्री. चाळिशीतला उंचापुरा शेतकरी, पण खाटेवर ठेवला तेव्हा पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असा प्रश्न पडावा. डोळे अर्धे उघडे, पण बघणं नव्हतं. चमचाभर पाणी तोंडात घातलं तर ठसका लागून जीव घाबरा व्हायचा.

आमचे डॉक्टर केशवराव हैदराबादेत शिकून आलेले, वयानं तरुण, बोलायला कमी. त्यांनी रखमाजींची बरगडी न् बरगडी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "तापाचं औषध आहे आपल्याकडे. पण पोटात अन्न गेलं नाही तर औषध बिलकुल चालणार नाही. हा माणूस भुकेनं जाईल."

मग त्यांनी एक लांब रबरी नळी तेल लावून नाकातून हळूहळू आत सरकवली, थेट पोटापर्यंत. वरच्या टोकाला काचेचं नरसाळं. दर तीन तासांनी त्यात पातळ अन्न ओतायचं. काय ओतायचं ते त्यांनी कागदावर लिहून माझ्या भिंतीला चिकटवलं. दूध, साखर, मुगाचं गाळून घेतलेलं पाणी, थोडं लोणी. आणि शेवटी, दिवसभरात मिळून दोन चमचे मीठ.

दुधात मीठ! वाचून मला हसूच आलं. दूध आणि मीठ एकत्र पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लहानपणी मी खिचडीवर दूध घेतलं म्हणून आईनं माझ्या हातावर चटका दिला होता, तो डाग अजून आहे. हैदराबादच्या पुस्तकांत हे लिहिलेलं नसणार. बिचारा आधीच अर्धमेला, त्यात अंगभर पांढरे डाग घेऊन घरी जाऊ द्यायचा की काय? मी मिठाच्या बरणीचं झाकण लावून टाकलं. कुणाला काही बोलले नाही. आपण एका माणसाची अब्रू वाचवली, या आनंदात त्या दिवशी गाणं गुणगुणत दूध ढवळलं.

रखमाजींची बायको झुंबरबाई सोबत आली होती. कपाळभर कुंकू, हातात चांदीच्या पाटल्या, आणि कुणाचंही ऐकायचं नाही असा चेहरा. पहिल्याच दिवशी मी तिला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली तर तिनं ताट मागं सरकवलं.

"मला अळणी द्या बाई. नेम धरलाय मी. हे सोताच्या तोंडानं जेवंस्तोवर मीठ शिवायचं न्हाई."

"अहो, ते जेवतायत की. दर तीन तासांनी."

"नाकातून?" तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "त्याला जेवण म्हणून राह्यल्या व्हय तुमी? ना ताट, ना घास. कुणी वाढलं बी न्हाई."

असे माझ्या एका चुलीवर दोन अळणी स्वयंपाक होऊ लागले. एक सगळ्यांना माहीत होता. दुसरा फक्त मला.

वाढलं नाही, हे तिच्या मनाला फार लागलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर नरसाळ्यात दूध ओतायला लागले की ती उशाशी मांडी घालून बसायची आणि बोलायला लागायची. सावकाश, ओवी म्हणावी तशा लयीत.

"ही भाकर घ्या. टाळकी ज्वारीची हाय, आताच तव्यावरून उतरलीय, वाफ निघून राह्यली बघा. ही अंबाड्याची भाजी, वर लसणाची फोडणी. हे भरीत. वांगं आपल्या मळ्यातलं, तुमीच तोडून आणल्तं. हुरडा भाजलाय, बसा आगटीपाशी. हळू, चटका बसंल."

दूध नळीतून खाली उतरायचं, आणि तिचा आवाजही. दुपारच्या उन्हाचा एक पट्टा खिडकीतून फरशीवर पडलेला असायचा, तो तिच्या बोलण्याबरोबर हळूहळू खाटेवर चढायचा. मी दारात भांडं घेऊन उभी असायचे आणि मला खरोखर तव्याचा वास यायचा. वॉर्डातल्या भिंती कुठंतरी मागं जायच्या. गोदावरीचं पात्र दिसायचं, वाळूत लावलेले टरबुजांचे वेल, थंडीत शेकोटीभोवती बसलेली माणसं, आणि त्यांच्यामध्ये एक उंचापुरा माणूस राखेतून कणीस उकरून काढत असलेला. औषधाचा वास जायचा, कण्हणं थांबायचं. अकराच्या अकरा खाटा कान देऊन ऐकायच्या.

पाय मोडून पडलेला कचरू हमाल तर एकदा मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, भरीत हिकडं बी येऊ द्या की थोडं!"

"बोलवलं न्हाई तुमाला," झुंबरबाई मान न वळवता म्हणाली, "पंगत घरच्यांची हाय." सगळा वॉर्ड हसला. पण त्या दिवसापासून ती एक भाकरी जास्त सांगायची, हे मी मोजलं होतं.

खरं सांगते, ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात, आणि त्या स्वप्नात मी किती खूष होते ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. कारण रखमाजी बरे होत नव्हते.

ताप उतरला होता. उतरताना इतका घाम यायचा की चादर पिळून काढावी लागे. जुलाबही होत होते. डॉक्टर म्हणाले, पाणी वाढवा. पाणी वाढवलं. गालांवर थोडं मांसही आलं. पण माणूस जागा व्हायच्या ऐवजी रोज एक एक पायरी खाली उतरत होता. आधी हाक मारली की पापणी हलायची, आता तीही हलेना. बोटं मधूनच झटके द्यायची. नवव्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी नाडी धरून उभे राहिले.

"सगळं बराबर चाललंय," ते स्वतःशीच म्हणाले. "मग हा जागा का होत नाही?"

ते मी ऐकलं, आणि तरीही माझ्या डोक्यात मीठ आलं नाही. शहाण्या माणसाला स्वतःची चूक सगळ्यात शेवटी दिसते, तशी माझी गत.

दहाव्या दिवशी दुपारी झुंबरबाई वाढत होती. त्या दिवशी पुरणपोळी होती, कुणास ठाऊक का. ती कटाची आमटी सांगत होती तेवढ्यात रखमाजींचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच. आवाज खोल विहिरीतून यावा तसा आला.

"अळणी."

झुंबरबाईचं बोलणं तुटलं. ती वाकून ऐकायला लागली.

"सारं… अळणी हाय."

आणि पुन्हा गप्प. झुंबरबाईनं पदर तोंडात धरला आणि ढसाढसा रडायला लागली. "बघा बाई, त्यांना कळलं! माझा नेम कळला त्यांना. कुनी सांगितलं न्हाई, तरी बी कळलं."

मी तिथंच भांडं घेऊन थिजले. नळी जिभेवरून जात नाही. नाकातून थेट घशाखाली. जिभेला दुधाचा थेंबही लागत नाही, मग चव कुठून कळली? तिला वाटलं, नवरा तिच्याबद्दल बोलला. मला वाटलं, तो माझ्याबद्दल बोलला. गेले दहा दिवस जिथं कुठं तो फिरत असेल तिथून त्यानं माझी बंद बरणी बघितली.

डॉक्टरांच्या खोलीपर्यंत वीस पावलं असतील. मला वाटलं, नोकरी जाईल. मग वाटलं, जाऊ दे. मग वाटलं, न सांगताच आजपासून मीठ घालायला लागू, कुणाला कळतंय? याच विचाराची मला अजून सगळ्यात जास्त लाज वाटते. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मी मीठ घातलं नाही," मी एका दमात सांगितलं. "एकदाही नाही. दूध होतं म्हणून. कोड उठेल म्हणून."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दहा दिवस? एवढा घाम, एवढे जुलाब, आणि वरून मी पाणी ओततोय. अंगातलं मीठच संपलं, म्हणून हा जागा होत नाही…" ते उठलेच. जाता जाता वळून म्हणाले, "न कळणारी गोष्ट मला विचारायची होती, पुष्पाबाई. मीही कागद चिकटवून मोकळा झालो, का ते सांगितलं नाही. चला जल्दी."

डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याची बाटली टांगली, सुई हाताच्या शिरेत घातली. थेंब थेंब, घाई नको म्हणाले. आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बरणी उघडली. दुधात मीठ टाकताना अर्धं चुलीवर सांडून तडतडलं. दूध नासलं नाही. माझ्या आईनं दिलेला चटका मात्र त्या दिवशी नव्यानं जळला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रखमाजींनी डोळे उघडले. बघणारे डोळे. बायकोकडे बघून त्यांनी पहिलं विचारलं, "बैलं बांधली का?"

पुढच्या चार-पाच दिवसांत ते घोट गिळायला लागले, नळी निघाली, आणि मऊ भात नि मुगाचं वरण असं पहिलं ताट ठरलं. झुंबरबाई दोन दिवस माझ्या पाया पडायला बघत होती. "तुमच्या हातच्या दुधानं वाचले हे," म्हणायची. मी पाय मागं घ्यायचे आणि कामाचं निमित्त काढून पळायचे. डॉक्टरांनी तिला काही सांगितलं नव्हतं. मला एवढंच म्हणाले होते, "तुम्ही ठरवा."

ताट घेऊन मी गेले. रखमाजी उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, आवाज अजून पातळ. बायकोला सांगत होते, "मी आपल्या नदीवरच होतो बघ. तू वाढून राह्यल्ती. सारं होतं ताटात, भरीत, हुरडा, सारं. फकस्त मीठ न्हवतं. मी मागून राह्यलो, मागून राह्यलो, कुनी ऐकंना."

"मीठ म्या सांगितलंच न्हाई," झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली. "नेम होता. नाव बी घ्यायचं न्हवतं."

मला राहवलं नाही. ताट हातात तसंच धरून मी म्हणाले, "झुंबरबाई, तुमच्या नेमाचा दोष नाही. मीठ मी घातलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, मी दहा दिवस घातलं नाही. दूध-मिठानं कोड येतं म्हणून. त्यापायीच हे उठत नव्हते. माझ्या हातानं वाचले नाहीत, माझ्या हातानं जात होते."

कचरूनं वर घेतलेला पाण्याचा तांब्या तसाच धरून ठेवला. झुंबरबाईनं माझ्याकडे बघितलं. मग ती ताटाकडे बघायला लागली.

"दूध म्हनल्यावर," ती सावकाश म्हणाली, "म्या बी घातलं नसतं." तिचा आवाज मऊ नव्हता. माझ्या हातातलं ताट घेऊन तिनं ते नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि बोट लावून वरची रिकामी कड दाखवली. "पर आता पयलं मीठ तुमीच वाढा."

मी स्वयंपाकघरातून बरणी आणली. ताटात मीठ नेहमी आधी वाढतात, मी जन्मभर वाढत आले होते. त्या दिवशी चिमूट घेतली तर बोटं ओली झाली होती, मीठ सुटेना. कसंबसं वाढलं.

रखमाजींनी भात कालवला, मिठाला बोट लावलं आणि घास तोंडात घेतला. खूप वेळ चघळत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "बराबर हाय."

तेव्हा झुंबरबाईनं त्याच ताटातलं चिमूटभर मीठ उचललं आणि आपल्या जिभेवर ठेवलं.