ग्रां त्राव्होचा बोर्ड

आमचे प्रभाकरराव नाचणगावच्या शाळेत इंग्रजी शिकवत, अन् वर्धेतल्या एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईजवळ हौसेनं फ्रेंच शिकले होते. माह्या बाबाले थे बिलकुल पटे नाई. फ्रेंचनं का कापूस वेचता येते, असं चारचौघात म्हणत. हे हासून सोडत. मले मातर लय झोंबे.

एक्क्याऐंशी साली गावाजवळ कालव्याचं काम चालू होतं. थे पाह्याले अन् भाषण द्याले एक फ्रेंच इंजिनेर येणार होते. त्याईनं भाषणाचं नाव आपल्या भाषेत कळवलं, 'ग्रां त्राव्हो'. कालव्याच्या साह्यबाले बोर्ड इंग्रजीत पाह्यजे होता, म्हणून भाषांतराचं काम यायले दिलं. यायच्या फ्रेंचले पहिल्यांदा कोणीतरी इचारलं होतं. म्या मनात म्हटलं, आता एक त बाबाचं तोंड बंद होईन, नाईतर जन्माचं हासं होईन.

बाप्पा, दोन शब्दासाठी यायनं हप्ताभर घर डोक्यावर घेतलं! 'बिग' म्हणून पाह्यलं, 'ग्रेट' म्हणून पाह्यलं, भाजीचं मीठ चाखावं तसं. म्या म्हटलं, धरणं-कालवे म्हणा अन् जेवा आता. शेवटी 'मेजर पब्लिक वर्क्स' ठरलं अन् कागद गुलाब पेंटरकडे गेला.

गुलाब जन्मभर लग्नाचेच बोर्ड रंगवत आला होता. खाली यजमानाची नावं नसली त बोर्ड अधुरा, असं त्याचं मत. त्यानं इंग्रजीखाली मराठीत लिवलं, 'आपले विनीत', अन् कालवा खोदणाऱ्याईची नावं टाकली. रूपराव, गोमाजी, शकुबाई, रामबाई, सारेच.

पाहुण्यासमोर पडदा हटला तवा साह्यब लालेलाल झाले, लोकं खिदळले. बाबा मांगून म्हणाले, मास्तरनं त लगीनच लावलं. मले वाटे, धरती फाटावी अन् पोटात घ्यावं. पाहुण्यानं बोर्डाकडे बोट दाखवून इचारलं, खाली काय लिवलं हाय?

हे उठले. फ्रेंचमंदी बोलू लागले, आधी अडखळत, मंग सरळ. कालवा या लोकाईनं खोदला, असंच सांगितलं म्हणे. मंग एकेक नाव वाचलं. नाव घेतलं का गर्दीतला थो माणूस उभा राहे, अन् पाहुणा टोपी काढून त्याले हात जोडे. रामबाई त रडलीच. मले एक शब्द समजला नाई, पण ऊर भरून आला. एवढा जीव यायच्यावर म्या लग्नातई टाकला नव्हता.

नावं संपली. बाबा उठले, आपली खुर्ची उचलून पुढं आणली अन् यायच्यासमोर ठेवली.

"बसा, जावईबापू," थे म्हणाले. "उभ्यानं लय बोलले तुमी."